डबा उघड, तोही सगळ्यांसमोर

इथल्याच, नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनहून एका मुलीचं पत्र आलंय. पत्र चांगलं लांबलचक आणि तक्रारी चार: ऑफिसात एकटं पडल्यासारखं वाटतं, साहेब तोंडावर बोलतो, नवरा सकाळी सहापासून पुण्याच्या टीमशी फोनवर असतो, आणि उन्हाळ्यात सासूबाई येणार आहेत. मी मात्र पहिल्याच तक्रारीतल्या चार वाक्यांवर अडले. ती लिहिते, "काकू, बारा वाजले की सगळे कँटीनमध्ये जातात. मी काम असल्याचं सांगते आणि डेस्कवरच पोळीभाजी उरकते. मेथीचा वास येईल, कुणी नाक मुरडेल अशी धास्ती वाटते. आता तर कुणी बोलवतही नाही."

झालं! नेहमीच्या वाचकांनी ओळखलं असेल, काकू आता डब्यावरून हलायच्या नाहीत.

अगं, धास्ती कळते मला. पण रोज "काम आहे" सांगणाऱ्या माणसाला इथे कोण किती दिवस बोलावणार? आपल्याकडे नको नको म्हटलं तरी पानात पोळी पडते. डच माणसाला एकदा नको म्हटलंस की विषय संपला. तुला वाटतं ते तुटक वागतात, त्यांना वाटतं हिला एकटीनं जेवायला आवडतं.

आणि नाक मुरडायला त्यांच्या पानात असतं तरी काय? पाव, चीज, पेलाभर ताक. चांगली चाळिशीतली माणसं पावावर चॉकलेटचा चुरा भुरभुरवून खातात! शिवाय मसाला त्यांना नवा नाही. इंडोनेशियाचं साते (काडीवर भाजलेलं मांस) आणि सांबाल (मिरचीची चटणी) इथल्या कुठल्याही सुपरमार्केटात मिळतं. रोटी तर त्यांना आपल्याआधी सुरिनामी हिंदुस्तानींनी खाऊ घातली. १८७३ साली 'लल्ला रूख' जहाजातून भारतीय मजुरांची पहिली तुकडी सुरिनामला, दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत, उतरली. त्या मजुरांचे वंशज आज हेगमध्ये रोटीची दुकानं चालवतात. तुझी पोळी बघून कुणी दचकणार नाही. फार तर सोबतचं चिकन आणि बटाटा कुठे, असं विचारतील.

आमच्या ह्यांचंच बघ. पहिल्या नोकरीत खिडकीपाशी एकटे जेवायचे आणि घरी येऊन "इथली माणसं थंड" म्हणून मलाच ऐकवायचे. एक दिवस मी डब्यात थालीपिठाचे तुकडे जास्तीचे भरले आणि बजावलं, डबा टेबलावर मधोमध ठेवायचा, रिकामा आला तरच रात्री जेवण. दुपारी मला फोन: "भाजणीत उडीद असतो का गं?" पलीकडे कुणी बाई ज्वारीचा फोटो शोधत होत्या. त्याच टेबलावर ह्यांना कळलं की इथे वाढदिवसाचा केक ज्याचा त्यानंच आणायचा असतो. तोवर स्वारी महिनाभर फुगून बसली होती, मला कुणी केक आणला नाही म्हणून!

तेव्हा आठवड्यातून तीन दिवस तरी टेबलावर जाऊन बस. साडेपाच तासांहून जास्त काम असेल तर अर्ध्या तासाची सुट्टी इथल्या कायद्यानंच दिलीय, साहेबाचे त्यात उपकार नाहीत. सकाळी कॉफी आणायला उठलीस की आसपासच्या चौघांना विचारून त्यांचीही आण, इथली रीतच आहे ती. सुकट-बोंबील मात्र घरीच. ऑफिसचा मायक्रोवेव्ह सगळ्यांचा, तिथे मी तुझी बाजू घेणार नाही.

बाकीचं थोडक्यात. साहेब म्हणाला, "प्रेझेंटेशन फार लांबलं." लांबलं असेलच, तुझं पत्र वाचून मला शंका उरलेली नाही. त्यानं बोलून मोकळं केलं, तू कुढत बसू नकोस. नवऱ्याला सांग, इथे दहा वाजतात तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात दीड आणि हिवाळ्यात अडीच, तेव्हा मीटिंग ठेवा. पुणेकरांच्या दुपारच्या झोपेचा विनोद मला ठाऊक आहे, तो नको. सासूबाईंच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो, तो आधी काढा. त्या येण्याचा ताण ऑफिसच्या तक्रारीत कसा काय आला, ते मी विचारत नाही.