आयरिश कॉमिक्स: नाव बघून नको, वाचणारा बघून आणा

प्रश्न: ताई, आम्ही पुण्याहून डब्लिनला येऊन दोन वर्षं झाली. मुलगा दहा वर्षांचा आहे, मुलगी चौदाची. मित्रांमुळे मुलाला कॉमिक्सचं वेड लागलंय. माझी मजल चांदोबा आणि अमर चित्रकथेपलीकडे कधी गेली नाही. इथे राहतोच आहोत, तर इथल्या लोकांची कॉमिक्स आणावीत असं वाटतं, पण कुठली, ते कळत नाही. त्यात सासरे फोनवर म्हणतात, "चित्रं कसली दाखवता, पुस्तकं वाचायला लावा." काय करू?

उत्तर: सासऱ्यांना एकदा सहज विचारा, त्यांच्या लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ कोण वाचायचं म्हणून. विषय बहुतेक तिथेच मिटेल.

आता तुमचं. मुलासाठी पहिलं पुस्तक विल स्लायनीचं 'केल्टिक वॉरियर' आणा. स्लायनी कॉर्कचा. मार्व्हलसाठी 'स्पायडरमॅन 2099' त्याने काढलाय, म्हणजे तुमच्या चिरंजीवांकडून आक्षेप यायचा नाही. आणि 2013 मध्ये डब्लिनच्या ओब्रायन प्रेसने काढलेल्या या पुस्तकात आयर्लंडचा सगळ्यात मोठा वीर आहे, कू खुलिन.

त्याची कथा आपल्या माणसाला पटकन कळते. पश्चिमेकडच्या कोनॉट प्रांताची राणी मेव्ह. तिच्या नवऱ्याकडे एक नामांकित बैल असतो, तिच्या कळपात त्या तोडीचा नसतो. म्हणून कूलीचा तपकिरी बैल आणायला ती अख्खं सैन्य घेऊन उत्तरेच्या अल्स्टर प्रांतावर चालून जाते. अल्स्टरचे योद्धे एका शापामुळे नेमके अंथरुणाला खिळलेले, आणि सीमेवर उभा राहतो एकटा सतरा वर्षांचा पोरगा. विराटपर्वातलं गोग्रहण मुलाला सांगितलं असेल, तर फार समजवावं लागणार नाही. गुरांसाठी युद्ध, राखायला एकटा वीर, सोबत सारथी. फरक एवढाच की अर्जुन जिंकून घरी येतो. कू खुलिनचं काय होतं ते बघायला ओकॉनेल स्ट्रीटवरच्या जीपीओत, म्हणजे मोठ्या पोस्टात, जा. तिथे ऑलिव्हर शेपर्डने घडवलेला त्याचा पुतळा आहे: मरताना खाली पडू नये म्हणून स्वतःला दगडाला बांधून घेतलेला, मान कललेली, खांद्यावर डोमकावळा.

पुस्तक मुलाच्या हातात द्यायच्या आधी तुम्ही वाचा, आणि जरा हळू वाचा. अमर चित्रकथेने आपल्याला एक खोड लावून ठेवलीय. तिथे वरच्या चौकटीत सगळं लिहिलेलं असायचं, 'इतक्यात राजा तेथे आला', आणि खाली राजा आलेला. त्यामुळे आपण मजकूर वाचतो आणि चित्रावरून नजर फिरवून पान उलटतो. हल्लीची कॉमिक्स अशी वाचली तर दहा मिनिटांत संपतात आणि 'यात होतं काय?' असं वाटतं. आधी अख्खं पान बघा, मग संवादांचे फुगे वाचा. दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत काय घडलं ते कोणीच सांगत नाही, ते आपण जुळवायचं असतं. मुलांना हे उपजत येतं. अडतो आपण मोठे.

मुलीसाठी दोन पर्याय. शाळेत इतिहासात रस असेल तर गेरी हंटचं 'ब्लड अपॉन द रोझ'. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या 1916 च्या ईस्टरच्या उठावावरचं हे कॉमिक 2009 मध्ये आलं. हंट पेशाने आर्किटेक्ट होते, त्यामुळे शहर आणि इमारतींवर त्यांचा हात चांगला बसलाय. माणसांचे चेहरे मात्र मला थोडे ताठ वाटतात. पण उठावाच्या नेत्यांपैकी जोसेफ प्लंकेटचा प्रसंग विसरता येत नाही. किल्मेनमच्या तुरुंगात ग्रेस गिफर्डशी त्याचं लग्न लागतं आणि काही तासांत, 4 मेला, त्याला गोळ्या घालतात. पुस्तक वाचून झालं की जीपीओच्याच फेरीत ओकॉनेल स्मारकाच्या पायथ्याच्या पंखवाल्या मूर्ती बघा. बंदुकीच्या गोळ्यांची भोकं अजून दिसतात.

दुसरा पर्याय 'इलीगल'. लेखक वेक्सफर्डचा इओन कोल्फर आणि त्याच्या जोडीला अँड्र्यू डॉन्किन. चित्रं इटलीच्या जोव्हानी रिगानोची. म्हणजे शंभर टक्के आयरिश नाही, पण मी तेवढ्यासाठी अडून बसणार नाही. घानाहून युरोपकडे निघालेल्या एबो नावाच्या मुलाची गोष्ट आहे. एक प्रकरण समुद्रावरच्या बोटीत, पुढचं त्याआधीच्या वाळवंटाच्या प्रवासात, असं आलटून पालटून चालतं. शेवट रडवतो, तेव्हा मुलीला एकटीला वाचू देऊ नका. आपण व्हिसा आणि विमानाचं तिकीट घेऊन आलो. त्यावर घरात बोलणं निघेल, आणि निघावंच. याच तिघांचं 'ग्लोबल' हवामानबदलावर आहे. त्यातला एक नायक बंगालच्या उपसागराकाठचा कोळ्याचा पोर आहे.

धाकट्याला सिनेमातून वळवायचं असेल तर किल्केनीच्या कार्टून सलून या ॲनिमेशन स्टुडिओच्या 'वुल्फवॉकर्स'वरून केलेलं कॉमिकही आहे. छान आहे, पण आधी सिनेमा बघा.

आता एक सावधगिरी. कोणालाही 'आयरिश कॉमिक्स' विचारलंत तर पहिलं नाव येईल गार्थ एनिसचं. बेलफास्टजवळच्या हॉलिवुड गावचा हा लेखक मोठा आहे यात वाद नाही. पण 'प्रीचर' आणि 'द बॉइज' ही त्याची कॉमिक्स रक्त, शिव्या आणि लैंगिक प्रसंगांनी भरलेली आहेत. मुखपृष्ठावर माणूस उडतोय म्हणून पुस्तक मुलांचं ठरत नाही. डेक्लन शाल्वीचं लिमरिकच्या गुंडांवरचं 'सॅव्हेज टाउन'सुद्धा मोठ्यांचंच. ते तुम्ही आणि यजमानांनी जरूर वाचा, मुलं झोपल्यावर.

विकत घ्यायची घाई नको. इथल्या सार्वजनिक लायब्ररीचं कार्ड फुकट आहे, 2019 पासून उशिराचा दंडही नाही, आणि दुसऱ्या काउंटीतलं पुस्तक आपल्या शाखेत मागवता येतं. जे पुस्तक मुलगा दुसऱ्यांदा मागेल तेवढंच विकत घ्या. त्यासाठी क्रॅम्प्टन कीवरच्या किंवा डंड्रममधल्या कॉमिक्सच्या दुकानात जाऊन काउंटरवर मुलाचं वय सांगा. तिथली माणसं बोलकी असतात.

आणि मुलगा शाळेत आयरिश शिकत असेलच. वर्ष-दीड वर्षाने 'अन तॉइन' हातात द्या: कोलमान ओ रायलीचं आयरिश भाषेतलं कॉमिक, तोच बैल, तीच मेव्ह. गोष्ट पाठ असल्यामुळे अडलेले शब्द चित्रांवरून सुटतात. गृहपाठाला तुम्ही मदत करू शकत नाही म्हणून बिचकू नका, त्यालाच वाचून दाखवायला सांगा.