पहिल्यांदाच मांडवा ते मालवण बोटीने? आधी शिरायच्या जागा ठरवा

तुझा प्रश्न दोनदा वाचला. मित्राची शिडाची छोटी बोट, तुम्ही चौघं, जानेवारीत मांडव्याहून मालवण, ५ दिवस जायला ३ यायला, पोहता येतं पण ते स्विमिंग पूलमधलं, बोट लागेल याची धास्ती, आई नको म्हणतेय आणि आत्तापासूनच रात्री झोप उडालीय. आणि ती खरेदीची यादी! हसलो, राग मानू नकोस. ड्रोन आहे, दोन ॲक्शन कॅमेरे आहेत, सोलर पॅनल आहे, भरती-ओहोटीचं कोष्टक मात्र नाही.

मला विचारशील तर तुझी भीती समुद्राची नाहीये, बिघडलं तर पळायचं कुठे हे माहीत नसल्याची आहे. त्यामुळे खरेदी थांबव, चार्ट, म्हणजे समुद्राचा नकाशा, उघड आणि मांडव्यापासून खाली एकेक खाडी, एकेक बंदर बघत ये. कुठे कधीही शिरता येतं, कुठे फक्त भरतीला आणि कुठे अंधारात अजिबात नाही, हे वहीत हाताने लिही.

अंतर साधारण १७०-१७५ नॉटिकल मैल. तुमची बोट ५ नॉट्सने (तासाला ५ नॉटिकल मैल) चालेल असं धर, म्हणजे ३० मैलाला ६ तास, आणि नशिबाने टप्पे तसेच पडतात: मांडवा ते जंजिरा, जंजिरा ते हर्णै, हर्णै ते जयगड, तिन्ही तीसच्या आसपास. मग रत्नागिरी, मग विजयदुर्ग, मग मालवण. ६ दिवस झाले बघ, तुझे ५ नाही. जंजिऱ्याजवळची राजपुरीची खाडी, जयगड आणि विजयदुर्ग या तीन जागा मनात पक्क्या ठेव, पाणी खोल, आत आडोसा चांगला. विजयदुर्गाला फक्त किल्ल्याच्या भिंतीला चिकटून फोटोबिटो काढत जाऊ नका, पश्चिमेकडे पाण्याखाली दगड आहेत, लांबून वळसा घालून आत या. हर्णैला सुवर्णदुर्गाचा थोडा आडोसा मिळतो पण बोट रात्रभर हलते आणि मच्छीमार बोटींची गर्दी असते. बाणकोट, पूर्णगड असल्या ठिकाणी खाडीच्या तोंडावर वाळूचा दांडा आहे, तिथे ओहोटीला शिरायचं नाही, कारण खाडीचं पाणी बाहेर येतं, समोरून लाट येते आणि दोन्हीची टक्कर होऊन तोंडावरच पाणी फुटतं. भरती चढत असताना, शेवटच्या दोन तासांत जायचं, आणि पहिल्या ट्रिपला तर स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय नाहीच. मालवणला खडक इतके आहेत की उशीर झाला तर सरळ देवगडला मुक्काम करायचा, रात्री मालवण नाही म्हणजे नाही.

भरतीसाठी ॲप आहेतच पण मोबाईल बंद पडला तर कोळ्यांचा हिशोब येऊ दे: तिथीला पाऊणने गुण. चतुर्थीला ३ वाजता भरती, अष्टमीला ६ वाजता, आणि ओहोटी त्याच्या ६ तास मागेपुढे. थोडा फरक पडतो, पण कामापुरतं बरोबर येतं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार सगळ्यात कमी. मुंबईकडे उधाणाला पाणी ४-५ मीटर चढउतार करतं, मालवणला साधारण त्याच्या निम्मं, म्हणून वर जो अंदाज बसलाय तो खाली तसाच वापरू नकोस.

आता वारा. जानेवारीत पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, थंड, पाणी सपाट, तेव्हा तू म्हणशील हेच का ते ज्याला मी घाबरलो होतो. दहा-अकराला तो मरतो, शिडं लोंबकळतात, पाणी तेलासारखं होतं, डिझेलचा वास डोक्यात जायला लागतो. मग वायव्येकडे बघत राहायचं. क्षितिजाजवळ पाण्यावर एक काळसर पट्टा दिसतो, तो सरकत जवळ येतो, आणि पंधरा-वीस मिनिटांत खारा वारा तुमच्यावर असतो. तीन-चारपर्यंत लाटांच्या डोक्यावर पांढरं दिसायला लागतं. शीड कमी करायचं ते पट्टा दिसला तेव्हा, वारा पोचल्यावर नाही. उजाडता उजाडता निघून दुपारी ३च्या आत नांगर टाकायचा, एवढं पाळलंस तरी अर्धी ट्रिप सोपी.

आणि म्हणूनच तुझे परतीचे ३ दिवस होणार नाहीत!! जाताना हा वारा पाठीवर असतो, येताना नाकावर, लाटाही समोरून. पहाटेच्या मतलईवर आणि इंजिनवर दुपारपर्यंत जेवढं होईल तेवढं, मग आत शिरा. जायला लागले त्यापेक्षा जास्तच दिवस धर. सोमवारी ऑफिसला पोचायचंच आहे म्हणून लोक चुकीच्या दुपारी खाडीबाहेर पडतात. बोट मालवणात विश्वासाच्या माणसाकडे ठेवून कुडाळहून ट्रेन पकडली तर कमीपणा नाही.

रात्री चालवूच नका. मोठ्या जहाजांची भीती वाटते, पण ती दिसतात तरी. त्रास जाळ्यांचा. जाळ्याच्या बोयांवर, म्हणजे तरंगत्या खुणांवर, कधी लुकलुकता दिवा असतो, कधी नुसता थर्माकोलचा तुकडा. जाळं इंजिनाच्या पाण्याखालच्या पंख्यात गेलं तर इंजिन लगेच बंद, रिव्हर्स मारून बघायचं नाही, अजून गुंडाळतं. नांगर टाका, जवळच्या मच्छीमाराला हाक मारा, आणि जाळं कापावंच लागलं तर नुकसानीचं बोलून मोकळे व्हा, त्याचं पोट आहे ते.

बोट लागण्याचं: आदल्या रात्री दारू आणि तेलकट बंद, गोळी डॉक्टरला विचारून निघण्याआधी, त्रास सुरू झाल्यावर घेतलेली उलटीतच जाते. सकाळी उपाशी राहू नकोस, सुकं काहीतरी खा, खाली केबिनमध्ये मोबाईल बघू नकोस, वर बस आणि सुकाणू हातात घे. खरंच, चालवणाऱ्याला सहसा कमी लागतं.

पोहण्याचं टेन्शन सोड. जॅकेट चढवलेलंच पाहिजे, बाकाखाली ठेवलेल्याचा उपयोग शून्य. कठड्यावर उभं राहून लघवी करायची नाही, बादली वापरा, हसू नकोस, माणसं तशीच पडतात.

आईला बंदरांची यादी आणि बोटीचा फोटो दे. रोज नांगर टाकला की फोन. ठरलेल्या वेळेनंतर दोन तास फोन नाही तर तिने १५५४ला, कोस्ट गार्डला कळवायचं. तुमच्याकडे व्हीएचएफ (बोटीवरचा रेडिओ) असेल तर मदतीसाठी चॅनल १६. प्रत्येकाचं ओळखपत्र प्लास्टिकमध्ये, सागरी पोलीस विचारतात.

बोटीला खाली पाणी किती लागतं ते मित्राला विचारून सांग, मग दाभोळ आणि केळशीचं बघू.