विहिरीचा रोजचा रिपोर्ट: दिवस कधी मिटवायचा आणि कुणाकुणाला पाठवायचा

तेल-वायूची विहीर खोदणाऱ्या तुमच्या काही रिग रोजच्या रिपोर्टसाठी सकाळी 6 ते 6 असा दिवस धरतात, काही मध्यरात्री ते मध्यरात्री. ऑफिसात सगळे आकडे जुळवताना रोज गोंधळ होतो. शिवाय मेलची यादी वाढतच चालली आहे आणि ती कुठे थांबवावी हे कळत नाही. माझ्या मते यातला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. पण आधी वेळेचं संपवू.

ड्रिलिंगसाठी दिवस 00:00 ते 24:00 असाच धरा. त्याला सकाळच्या पहिल्या काही तासांची, म्हणजे साधारण 05:00 किंवा 06:00 पर्यंतची, छोटी पुरवणी जोडा. याचं मुख्य कारण हिशेब आहे. रिगचा डे रेट (रोजचं भाडं), भाड्याची टूल्स, सर्व्हिस कंपन्यांच्या माणसांचे दिवस हे सगळं कॅलेंडरच्या तारखेनं मोजलं जातं. रिपोर्ट 6 ते 6 असेल तर मध्यरात्रीनंतरचे सहा तास रिपोर्टात आदल्या तारखेला पडतात आणि बिलात दुसऱ्या. महिन्याच्या 1 तारखेला हा वाद हमखास निघतो. कॉन्ट्रॅक्टरची, म्हणजे रिग पुरवणाऱ्या कंपनीची, टूर शीट (पाळीची नोंद) मध्यरात्रीला बदलत असेल तर तुमचा रिपोर्टही तिथेच मिटला पाहिजे, कारण उद्या डाउनटाइमवरून भांडण झालं तर दोन्ही बाजूंच्या सह्या असलेला कागद तीच शीट आहे.

6 ते 6 वाल्यांचं म्हणणं असतं की ऑफिसला ताजी माहिती मिळते. ती गरज खरी आहे, पण ती पुरवणीतून भागते. सकाळच्या मीटिंगला बसणाऱ्याला चारच गोष्टी लागतात: आत्ता खोली किती, आत्ता काय चाललंय, रात्रीत काही बिघडलं का आणि पुढच्या 24 तासांत काय करायचंय.

वर्कओव्हर (जुन्या विहिरीची दुरुस्ती) किंवा वायरलाइनचं (तारेनं उपकरणं विहिरीत सोडण्याचं) काम फक्त दिवसा चालत असेल तर मात्र हा नियम ओढूनताणून लावू नका. काम थांबलं, विहीर बंद केली की त्याच संध्याकाळी रिपोर्ट पाठवा. दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू करण्याआधीचं ट्युबिंग (तेल वर आणणारी आतली नळी) आणि केसिंग (विहिरीला आतून अस्तर देणारा पाइप) यांचं प्रेशर तेवढं लगेच कळवा. रात्रभरात प्रेशर किती चढलं, हीच त्या रात्रीची खरी बातमी असते. रिकामे बारा तास ‘रात्रीसाठी बंद’ म्हणून लिहिण्यात कुणाचा फायदा नाही, पण तारखेचा हिशेब पुरा व्हावा म्हणून ती एक ओळ असू द्या.

दिवस मिटवण्याची वेळ आणि रिपोर्ट पाठवण्याची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे रिगवरच्या माणसांना स्पष्ट सांगा. मध्यरात्री आकडे गोठवायचे: खोली, मडचे (ड्रिलिंगच्या द्रवाचे) गुणधर्म, बॅराइट-सिमेंट-डिझेल-पाण्याचा साठा, रिगवर किती माणसं आहेत, दिवसाचा खर्च. मग रात्रपाळीच्या कंपनी मॅननं (तेल कंपनीच्या रिगवरच्या प्रतिनिधीनं) ते ड्रिलरच्या नोंदींशी आणि मड लॉगरच्या (परत येणारा मड आणि खडकाचे तुकडे तपासणाऱ्याच्या) डेटाशी ताडून पाहायचे. मध्यरात्रीची खोली आणि सकाळची खोली यांच्यासाठी वेगळे रकाने ठेवा. दिवसाचं मीटरेज (किती मीटर खोदलं) नेहमी मध्यरात्रीच्या खोलीवरूनच काढायचं. हे दोन आकडे एकाच जागी लिहिले गेले की तेच सहा तासांचं ड्रिलिंग दोन दिवसांत मोजलं जातं, आणि आठवड्यानं आलेखावर दिसतं तेव्हा मूळ शोधायला अख्खी दुपार जाते.

पाठवण्याची वेळ मीटिंगवरून मागे मोजत ठरवा. मीटिंग 07:00 ला असेल तर वाचणाऱ्याला निदान पाऊण तास मिळाला पाहिजे, म्हणजे रिपोर्ट 06:15 च्या आत हवा. पण त्याच वेळी केसिंग उतरत असेल किंवा सिमेंट पंप होत असेल तर कंपनी मॅनची जागा फ्लोअरवर आहे. अशा दिवशी दोन ओळींची स्थिती पाठवून पूर्ण रिपोर्ट नंतर दिला तरी चालेल, हे ऑफिसनं आधीच लेखी मान्य करावं. ते मान्य नसलं की एक घातक सवय लागते: 05:15 ला लिहिताना 06:00 ला जे होणार आहे ते ‘झालं’ म्हणून लिहिलं जातं. ‘प्लग बंप झाला (सिमेंटमागचा प्लग तळाशी जाऊन बसला), प्रेशर टेस्ट ठीक’ ही ओळ टेस्टच्या आधी टाइप झाली आणि टेस्ट ठीक आली नाही, तर रिपोर्ट मेलवर फिरून चुकलेला असतो. जे घडलं तेच भूतकाळात लिहायचं, बाकी सगळं पुढच्या 24 तासांच्या योजनेत. या एका गोष्टीवर मी कधीच सूट देत नाही.

तासांची बेरीज 24 भरते का हे बहुतेक सॉफ्टवेअर पाहतं. जिथे घड्याळं वर्षातून दोनदा पुढेमागे होतात तिथे एक दिवस 23 तासांचा आणि एक 25 तासांचा येतो. विहीर संपेपर्यंत रिगचं घड्याळ हलवू नये, हा त्यावरचा सोपा तोडगा. रिपोर्टच्या माथ्यावर टाइम झोन लिहा. सेन्सरचा डेटा अनेकदा यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) साठवलेला असतो. किक (विहिरीत अचानक घुसलेला वायू किंवा द्रव) किंवा स्टक पाइपची (अडकलेल्या पाइपची) मिनिटं जुळवायची वेळ येते तेव्हा ही एक ओळ उपयोगी पडते.

किक, दुखापत, मड लॉस (मड खडकात निघून जाणं), काहीतरी समुद्रात किंवा जमिनीवर सांडणं, यातलं काहीही रिपोर्टची वाट पाहत नाही. त्यासाठी फोन, तोही लगेच.

आता यादी. माझा ठाम अनुभव असा की यादी जितकी लांब, तितका रिपोर्ट गुळमुळीत. लिहिणारा माणूस कोण वाचणार याचा विचार करूनच लिहितो. यादीत सगळ्या सर्व्हिस कंपन्या, पार्टनर, वरचे तीन थर बसलेले असतील तर ‘फ्लोट धरला नाही, परत आलेलं फ्लुइड पुन्हा पंप केलं’ (फ्लोट म्हणजे सिमेंट परत वर येऊ न देणारा एकमार्गी व्हॉल्व्ह) याचं ‘फ्लोट तपासला, सिमेंटिंग पूर्ण’ असं होतं. खोटं काही नसतं, पण कामाचं तेवढंच गळलेलं असतं. 2009 मध्ये तिमोर समुद्रातल्या मोंटारा फील्डमध्ये जो ब्लोआउट झाला, म्हणजे विहीर ताब्याबाहेर उसळली, त्याच्या चौकशीत नेमका फ्लोट व्हॉल्व्ह आणि केसिंग शूच्या (केसिंगच्या तळाच्या टोकाच्या) सिमेंटचा मुद्दा केंद्रस्थानी होता. मार्चमध्ये सिमेंटिंग बिघडलं होतं, विहीर उसळली 21 ऑगस्टला. मधल्या महिन्यांत तो इशारा ओळखून कुणी काम थांबवलं नाही. म्हणून मला वाटतं की रिपोर्ट कमी लोकांना जावा, पण जाईल त्यानं तो वाचायलाच हवा.

दोन प्रती करा. पूर्ण रिपोर्ट ऑपरेटरच्या, म्हणजे विहीर चालवणाऱ्या तेल कंपनीच्या, आतच राहू द्या: सुपरिंटेंडंट, ड्रिलिंग इंजिनियर, जिओलॉजिस्ट, सुरक्षा विभाग, खर्च पाहणारा माणूस. लॉजिस्टिक्सला साठा, माणसांची संख्या आणि पुढची योजना पुरते. पार्टनर कंपन्यांना काय द्यायचं हे संयुक्त करारात लिहिलेलं असतं. तो उघडून वाचा आणि तेवढं नक्की द्या, उशीर न करता. सरकारी नियामकाचंही तसंच. नॉर्वेत तर रोजचा ड्रिलिंग रिपोर्ट ठरलेल्या एक्सएमएल स्वरूपात द्यावा लागतो. तसा नियम असेल तर तोच मूळ धरून बाकीच्या प्रती त्यातून काढा, दोनदा टाइप करू नका.

सर्व्हिस कंपन्यांना खर्चाचं पान मुळीच जाता कामा नये, आणि एका कंपनीचा एनपीटी (काम न होता वाया गेलेला वेळ) तिच्या स्पर्धकाला दिसता कामा नये. त्यांना त्यांच्या कामापुरती छोटी प्रत द्या. एनपीटी कुणाच्या खात्यावर टाकला हे मात्र त्या त्या कंपनीच्या रिगवरच्या माणसाला त्याच दिवशी तोंडी सांगा. त्याला महिनाअखेरच्या बिलातून ते कळणं अन्यायाचं आहे.

एक्सप्लोरेशन (तेल-वायू शोधण्यासाठीची) विहीर असेल तर यादी आणखी आवळा. गॅस शो (वायूच्या खुणा), तेलाच्या खुणा, लॉगचे आकडे यांवर शेअरचे भाव हलू शकतात. टाइट होल (माहिती गुप्त ठेवलेली विहीर) म्हटल्यावर पूर्ण रिपोर्ट कुणाला जातो याची नावानिशी नोंद हवी. इतर वेळी यादी नावांवर न बांधता पदांवर बांधा. रिगवरची माणसं रोटेशननं बदलतात, ऑफिसातली बदलीवर जातात, आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या खासगी मेलवर रिपोर्ट पोचत राहतो. प्रत्येक नव्या विहिरीच्या आधी यादी कोरी करा आणि ज्याला हवा त्याला मागू द्या. न मागणारे बरेच निघतील.

एकदा पाठवलेला रिपोर्ट गुपचूप बदलायचा नाही. चूक सापडली तर ‘सुधारित 1’ लिहून, काय बदललं ते पहिल्याच ओळीत सांगून, त्याच सगळ्यांना पुन्हा पाठवा. ऑफिसातल्या कुणी भाषा ‘सौम्य’ करायला सांगितली तर कंपनी मॅननं नकार द्यावा आणि सुपरिंटेंडंटनं त्याच्या पाठीशी उभं राहावं.

बदल करायचा तर चालू विहिरीच्या मधेच करू नका. रिग मूव्हचा, म्हणजे रिग पुढच्या जागी हलवण्याचा, मुहूर्त धरा. 6 ते 6 वरून मध्यरात्रीवर येताना एक रिपोर्ट 06:00 ते 24:00 असा 18 तासांचा निघेल. सॉफ्टवेअर त्यावर तक्रार करेल. शेऱ्यात कारण लिहा आणि खर्चवाल्यांना आदल्या दिवशीच कळवून ठेवा, नाहीतर त्या दिवसाचा डे रेट तीन-चतुर्थांश धरला जाईल.