उजेडाचा दिवा संध्याकाळी नको, सकाळी लावा

सलग तिसऱ्या हिवाळ्यात मन खचते, दहा-दहा तास झोपूनही मरगळ जात नाही, गोड खाण्याची ओढ आवरत नाही, आणि कामावरून आल्यावर महिनाभर रोज उजेडाच्या दिव्यासमोर (उदासीवर उपाय म्हणून वापरायच्या खास प्रखर दिव्यासमोर) बसूनही फरक पडला नाही, असे तुम्ही लिहिले आहे. ‘कामावरून आल्यावर’ हे शब्द वाचून मी तिथेच थांबले, कारण हिवाळी नैराश्याच्या आजारात (सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर) याच चुकीपायी माझा एक अख्खा हिवाळा वाया गेला. मी डॉक्टर नाही. पुढचे सारे स्वानुभवाचे आणि वाचनाचे आहे, हे आधीच सांगते.

दिवा आणला तेव्हा माझी अशी समजूत होती की, उजेड दिवसभरात केव्हाही मिळाला तरी तो सारखाच लागू पडतो. सकाळी अंथरूण सोडवत नसे, म्हणून मी रात्री आठ वाजता दिवा लावून पाऊण तास त्याच्यासमोर वाचत बसत असे. तेवढ्यापुरती हुशारी वाटे, आणि त्यामुळेच चूक लक्षात येत नव्हती. दुसऱ्या आठवड्यापासून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळा लागेना. अंधारात पडल्या पडल्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकत राहायचे आणि सकाळी तीनदा गजर बंद करून उशिरा, जड डोक्याने उठायचे, असा क्रम सुरू झाला. उजेड कमी पडतो आहे असे समजून मी पाऊण तासाचा दीड तास केला, तेव्हा तर झोपेची घडी पुरतीच विस्कटली.

डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचे मुख्य काम दृश्य दाखवण्याचे नसून, बाहेर दिवस आहे की रात्र हे मेंदूतील घड्याळाला कळवण्याचे असते. सकाळचा प्रखर उजेड ते घड्याळ पुढे आणतो, म्हणजे रात्री झोप वेळेवर येते. संध्याकाळचा उजेड तेच घड्याळ मागे ढकलतो आणि झोप आणणारे मेलॅटोनिन उशिरा वाढते. हिवाळ्यात सूर्य उशिरा उगवत असल्याने आपल्यासारख्या अनेकांचे घड्याळ आधीच मागे पडलेले असते. मी ते रोज रात्री स्वतःच्या हाताने आणखी मागे ढकलत होते.

वेळेखालोखाल अंतर महत्त्वाचे आहे. नेहमीची शिफारस सकाळी उठल्या उठल्या १०,००० लक्सचा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) उजेड सुमारे ३० मिनिटे घेण्याची असते, पण तो आकडा दिव्यापासून ठरावीक अंतरावरचाच असतो. अंतर दुप्पट केले की उजेड जवळजवळ एक चतुर्थांशावर येतो. दिवा खोलीच्या कोपऱ्यात ठेवून समोर वावरण्यात काही अर्थ नाही. दिव्याकडे टक लावून पाहू नये, तो किंचित बाजूला ठेवावा, आणि अतिनील किरण गाळणाराच घ्यावा. खोलीतला नेहमीचा उजेड बहुधा काही शे लक्सच असतो, तर ढगाळ दिवशीही बाहेर तो हजारांत जातो. त्यामुळे जमेल तेव्हा सकाळी अर्धा तास बाहेर चालणे मला आजही दिव्याहून अधिक मोलाचे वाटते.

ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांबद्दलही तुम्ही विचारले आहे. कमतरता असेल तर त्या जरूर घ्याव्यात, पण ड जीवनसत्त्व बनवणे हे त्वचेवर पडणाऱ्या किरणांचे काम आहे आणि मेंदूतील घड्याळ लावणे हे डोळ्यांतून जाणाऱ्या उजेडाचे. एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

माझ्या तेव्हाच्या कार्यालयात मी खिडकीजवळची जागा मागितली होती, तेव्हा ‘हवामानाने कोणी आजारी पडत नाही’ असे उत्तर मिळाले. मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेनथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्येच हिवाळी नैराश्याच्या या आजाराचे शास्त्रीय वर्णन केले होते, आणि तरीही एका खुर्चीसाठी मला चार अर्ज करावे लागले, याचा राग अजून ओसरलेला नाही. तुम्ही मात्र थेट डॉक्टरांची चिठ्ठी जोडूनच अर्ज करा.

नैराश्यावरची गोळी सुरू करण्यात कमीपणा वाटतो, हे तुमचे म्हणणे मला पटत नाही. कॅनडातील २००६ च्या एका अभ्यासात ९६ रुग्णांपैकी काहींना सकाळचा उजेड आणि काहींना फ्लुऑक्सेटीन हे नैराश्यावरचे औषध दिले होते; आठ आठवड्यांनंतर दोन्ही गटांतील सुधारणा सारखीच होती. कोणता उपाय निवडायचा हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. मात्र तुम्हाला किंवा घरात कोणाला द्विध्रुवीय विकार असेल, डोळ्यांच्या पडद्याचा आजार असेल, किंवा प्रकाशाने त्वचा बिघडवणारे औषध चालू असेल, तर विचारल्याशिवाय दिवा लावूच नका. पहिल्या प्रकारात मन उदासीतून थेट उन्मादाकडे जाऊ शकते. जीव नकोसा होत असेल, तर दिव्याचा गुण येण्याची वाट न पाहता आजच मदत घ्या.

बरे वाटू लागल्यावर दिवा लगेच बंद करू नका. मी एकदा केला होता आणि आठवड्याभरात पुन्हा पहिल्यासारखी झाले; आता दिवस मोठा होईपर्यंत तो चालू ठेवते. आजपासून संध्याकाळचा दिवा थांबवा, दोन आठवडे सकाळी लावून पाहा, आणि तुमच्या दिव्याच्या खोक्यावर किती अंतर छापले आहे तेवढे इथे कळवा.