दात साफ करायला आणि हिरड्यांसाठी जुने गावठी उपाय खरंच चालतात का?

चालतात, पण सगळे नाही. आमच्याकडे फोंड्याला आजी रोज सकाळी आंब्याचं पान तोडायची, मधली शीर काढून ठेवायची, पान गुंडाळून दात घासायची आणि मग तीच शीर वाकवून जीभ साफ, मी पण लहानपणी तसंच केलंय. कडुलिंबाची काडी चांगली, फक्त टोक चावून मऊ ब्रशसारखं करा नाहीतर हिरडी सोलते. दाढ ठणकली तर लवंग धरा, तिच्यातल्या युजेनॉलने तेवढ्यापुरतं बधिर होतं, कीड मात्र जात नाही, डेंटिस्टकडे जावंच लागतं. हिरडी सुजली तर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. तुसाची राखुंडी, म्हणजे भाताचं टरफल जाळून केलेली राख, रोज नको, इनॅमल म्हणजे दातावरचं कडक आवरण झिजतं. आणि मशेरी अजिबात नको हां, तो भाजलेला तंबाखूच, त्याने तोंडाचा कॅन्सर होतो! रात्री फ्लोराईडवाली पेस्ट लावाच.