विद्यापीठाला बाग कशाला लागते?

प्रश्न : मुलगा नेदरलँड्समध्ये असतो म्हणून यंदा तिकडे जाणं झालं. लायडनला युनिव्हर्सिटीच्या जुन्या बिल्डिंगमागे 'हॉर्टस' म्हणून बाग आहे, तिकीट काढून आत सोडतात. कुणीतरी म्हणालं की हॉलंडमधले ट्युलिप इथूनच सुरू झाले. खरं का हे? आणि विद्यापीठाला बाग हवी कशाला, शोभेलाच ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर : शोभेचं राहू द्या, ही बाग म्हणजे डॉक्टरकीचा वर्ग होता. सोळाव्या शतकात औषध म्हणजे पाला, मूळ, साल नाहीतर बी, आणि दुकानदाराने पुडीत बांधून दिलेलं वाळकं मूळ खरंच तेच आहे का भलतंच काही, हे डॉक्टरला ओळखता आलं नाही तर पेशंटचं काही खरं नव्हतं. म्हणून इटलीत पिसा आणि पाडुआच्या विद्यापीठांनी 1540 च्या दशकात बागा काढल्या, पाडुआत तर औषधी झाडांच्या इतक्या चोऱ्या व्हायला लागल्या की भोवती गोल भिंतच घालावी लागली. लायडनचं विद्यापीठ 1575 चं, बाग ठरली 1590 ला. तिथला हिशोब मला फार आवडतो : उन्हाळ्यात बागेत झाडं शिकायची आणि थंडीत शवविच्छेदन, कारण गारठ्यात प्रेत टिकतं आणि तसंही तेव्हा बागेत बघायला काही नसतं.

बागेसाठी बोलावलं क्लुसियस या नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञाला. 1593 मध्ये तो आला तेव्हा वय 67 आणि पायाने अधू झालेला, त्यामुळे वाफे पाडण्याचं, लावणीचं खरं काम केलं क्लाउट नावाच्या डेल्फ्टच्या औषधविक्याने, ज्याच्याकडे डिग्री नव्हती म्हणून प्रोफेसरकी काही मिळाली नाही (हे सगळीकडे सारखंच!). साधारण 35 बाय 40 मीटरचा तुकडा, त्यात 1594 पर्यंत हजारावर जातींची झाडं, आणि कुठल्या वाफ्यात काय आहे याची यादी अजून शाबूत आहे, त्यावरूनच ती जुनी बाग आता तशीच्या तशी परत लावलीय. तुम्ही पाहिलेले ते अरुंद पट्ट्यांचे वाफे तेच.

आता ट्युलिप. लायडनच्या बागेत ते 1594 च्या वसंतात फुलले हे खरं, पण 'इथूनच सुरू झाले' म्हणणं जरा जास्तच होतं. त्याआधी तीसेक वर्षं बेल्जियममधल्या अँटवर्पच्या एका कापड व्यापाऱ्याकडे तुर्कस्तानच्या मालाबरोबर हे कंद आले होते, त्याला वाटलं कांदेच, त्याने भाजून तेल-व्हिनेगर लावून खाल्ले आणि उरलेले कोबीच्या वाफ्यात टाकले! ही गोष्ट खुद्द क्लुसियसनेच लिहून ठेवलीय. त्याचं मोठेपण असं की त्याने कंद जमवले, त्यांच्या जाती लावून नोंदी ठेवल्या आणि युरोपभर ओळखीपाळखीच्यांना वाटले, शिवाय त्याच्या बागेतून कंद चोरीलाही गेले ते वेगळंच.

आणि एक धागा थेट आपल्याकडे येतो. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज डॉक्टरने हिंग, आंबा, फणस, नारळ अशा इकडच्या वस्तूंवर 1563 ला गोव्यातच पुस्तक छापलं. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. क्लुसियसला ते पुढच्याच वर्षी पोर्तुगालमध्ये मिळालं आणि त्याने त्याचा लॅटिन सारांश काढला, 1567 ला. म्हणजे लायडनची बाग मांडायच्या पंचवीसेक वर्षं आधीच या माणसाला आपलं हिंग आणि फणस कागदावरून माहीत होते.

आज तिथे औषधं कोणी शिकत नाही, पण झाड कुठून आलं, कधी आलं याची नोंद प्रत्येकाच्या नावावर असते, आणि पार्क नि बोटॅनिकल गार्डन यातला खरा फरक तोच. नोंद नसेल तर ते झाड संशोधकाच्या फारसं कामाचं नाही. काचघरात ऑर्किड, घटपर्णी वगैरे आग्नेय आशियातला मोठा साठा आहे, त्यात टायटन अरम नावाचं प्रचंड फूल येणारं झाड आपल्या सुरणाचंच भाऊबंद, वासही सुरणाच्या फुलासारखाच घाण.

प्रश्न : आपल्याकडच्या विद्यापीठांत असं काही आहे का, की सगळं नुसतं लॉन? (याच वाचकाचा)

उत्तर : लांब नको, तुमच्या सांगलीहून तासा-दीड तासावर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात बघा. तिथल्या बॉटनीच्या लोकांनी सिरोपेजिया, म्हणजे आपलं कंदीलपुष्प, जपायचं मोठं काम केलंय. यातल्या बऱ्याच जाती सह्याद्री सोडून जगात कुठेही नाहीत, आणि कंद खायला गोड म्हणून गुराखी आणि रानडुकरं दोघंही उकरतात, शिवाय गुरांची चराई आहेच. गार्डनमध्ये वाढवून परत डोंगरावर लावायचं, असं ते काम. पण जायचं तर ऑगस्ट-सप्टेंबरात जा आणि आधी विचारून जा, उन्हाळ्यात बहुतेक वेल वाळून नुसते कंद मातीखाली असतात, तुम्हाला कुंड्याच दिसतील.