सध्याच्या साहेबांचा नंबर मागितलाय, देऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जळगाव एमआयडीसीत क्वालिटीला आहात, चाकणच्या एका कंपनीचे इंटरव्ह्यू झाले, आता त्यांच्या फॉर्ममध्ये सध्याच्या साहेबांचं नाव आणि मोबाईल नंबर हवाय. दिला तर इथे बोभाटा, नाही दिला तर तिथे संशय.

भाऊ, मी याच एमआयडीसीत बरीच वर्षं टाइम ऑफिस आणि एचआर बघतो. असे फोन घेतलेत, केलेतही. नंबर देऊ नका, पण रकाना कोराही सोडू नका. तिथे सरळ लिहा, ‘ऑफर लेटर मिळून मी राजीनामा दिल्यावर संपर्क करावा.’ यात कुठल्याही जाणत्या एचआरला वावगं वाटत नाही. चालू नोकरीतला माणूस हेच सांगणार, हे त्यांना ठाऊक असतं. व्हेरिफिकेशन एजन्सीच्या फॉर्ममध्येही ‘सध्याच्या कंपनीशी आत्ता संपर्क करायचा का’ असा प्रश्न बहुधा असतो. तिथे ‘नाही’ करा. मग ते पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि बँक स्टेटमेंटवर भागवतात, इथली चौकशी तुम्ही तिकडे रुजू झाल्यावर करतात.

त्या चौकशीच्या मेलमध्ये तरी काय असतं? हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, शेवटचा पगार, सोडण्याचं कारण, काही येणं बाकी आहे का, आणि ‘पुन्हा कामावर घ्याल का?’ मी फाइल काढतो, तारखा ताडून बघतो आणि दुपारच्या आत उत्तर पाठवतो. रुसवेफुगवे निघालेच तर त्या शेवटच्या प्रश्नावर निघतात.

मेलने कुणाचं बिंग फुटलेलं मी पाहिलं नाही. फुटतं ते तोंडी चौकशीत. आपल्याकडे पाईपवाले, चटईवाले, डाळ मिलवाले सगळे एकमेकांच्या ओळखीतले. मशीनचा सर्व्हिस इंजिनिअर या शेडमधून त्या शेडमध्ये जातो, ट्रान्सपोर्टवाला सगळ्यांचा एकच. हिवाळ्यात कुणाच्या तरी शेतात भरीत पार्टी असते, तिथे चाकणचा कस्टमर आणि तुमचे शेठ एकाच पंगतीला बसतात. ‘तुमच्याकडचा एक पोरगा आला होता बरं का आमच्याकडे,’ एवढं एक वाक्य पुरतं. म्हणून इंटरव्ह्यू घेणाऱ्याला तोंडीही सांगा, आणि नंतर मेलही करा, की माझा अर्ज तुमच्यापुरताच ठेवा, आमच्या कंपनीतल्या कुणाला ओळखीतूनही विचारू नका. ही विनंती फॉर्ममधल्या रकान्यापेक्षा जास्त कामाची आहे.

रेफरन्स द्यायचेच तर आधीच्या कंपनीतले साहेब द्या. पहिलीच नोकरी असेल तर तुमच्याबरोबर काम केलेला, पण आता कंपनी सोडून नाशिकला किंवा संभाजीनगरला गेलेला सीनियर. त्याला आधी फोन करा, पद कोणतं आहे ते सांगा, बायोडाटा व्हॉट्सअ‍ॅप करा. सप्लायर आणि कस्टमर यांना मात्र यात ओढू नका. त्यांचा धंदा शेठशी आहे, तुमच्याशी नाही. आणि मित्राला ‘मॅनेजर’ करून त्याचा नंबर देण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. एजन्सीवाले कंपनीचा ईमेल आयडी मागतात, ऑफिसच्या लँडलाइनवर फोन लावतात. सापडलात तर रुजू झाल्यानंतरही काढून टाकतात.

बायोडाटातल्या तारखा आजच पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीशी जुळवून घ्या. यूएएनवर, म्हणजे तुमच्या पीएफच्या कायमच्या नंबरवर, प्रत्येक कंपनी, रुजू आणि सोडल्याची तारीख दिसते. चार महिन्यांची एखादी नोकरी गाळली असेल तर ती तिथे दिसणारच.

नोकरी डॉट कॉमवर आपल्या कंपनीपासून प्रोफाइल लपवायची सोय आहे, ती वापरा. लिंक्डइनवर ‘ओपन टू वर्क’ची हिरवी पट्टी लावू नका. फक्त रिक्रूटरना दिसेल असं ठेवता येतं, पण तुमच्या कंपनीपासून शंभर टक्के लपेल याची हमी लिंक्डइनही देत नाही. आणि कामाच्या दिवशी इन केलेल्या शर्टात, हातात फाइल घेऊन जळगाव स्टेशनवर उभे राहू नका. भुसावळहून अपडाउन करणारं अर्धं डिपार्टमेंट तिथेच असतं.

चाकणवाले अडूनच बसले, की आधी साहेबांशी बोलू मग ऑफर देऊ, तर ‘व्हेरिफिकेशनच्या अटीवर’ लेखी ऑफर मागा. तेही देत नसतील तर मी त्या कंपनीच्या नादी लागणार नाही. ऑफर त्या अटीवर मिळाली, तर कागदपत्रांची तपासणी पूर्ण झाल्याचं त्यांच्याकडून मेलवर घ्या, मगच राजीनामा टाका. फोनवरच्या ‘हो, झालंच समजा’वर मुळीच नाही. राजीनामा दिला की त्याच दिवशी साहेबांना स्वतः भेटून सांगा, तुमच्याकडे फोन येईल म्हणून. नोटीस पिरियड पूर्ण करा, रिलीव्हिंग लेटर हातात घ्या. इथल्या कंपनीने पीएफवर सोडल्याची तारीख टाकायला टाळाटाळ केली, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी यूएएन पोर्टलवरून ती तुम्हालाच टाकता येते.